वनवास, बंदिवास आणि रिकामे सिंहासन : नगरच्या मराठी ख्रिस्ती परंपरेतील नेतृत्वाची संकल्पना

१

मराठी ख्रिस्ती साहित्याची समीक्षा बहुतांशी दोन प्रश्नांभोवती फिरत राहिली आहे. या साहित्याची भाषा कितपत मराठी आहे, हा एक. आणि धर्मप्रचाराचा हेतू त्याच्या वाङ्मयीन गुणवत्तेला कितपत बाधक ठरला, हा दुसरा. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे असले तरी त्यांच्या आड एक तिसरा प्रश्न राहून जातो. बायबलमधील एखादी मध्यवर्ती कल्पना मराठीत येते तेव्हा ती मराठी मनात आधीपासून रुजलेल्या कोणत्या कथाबंधात शिरते, आणि तेथे तिचे काय होते? प्रस्तुत लेखात हा प्रश्न एका कल्पनेपुरता उपस्थित करावयाचा आहे. बाबेलच्या बंदिवासानंतर आपल्या लोकांना देव स्वतः निवडलेला नेता देईल, ही ती कल्पना. तिचा मराठीतील प्रवास पाहण्यासाठी अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) हे सर्वांत सोयीचे ठिकाण आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये येथे ठाणे मांडले, १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' येथूनच निघाले, आणि ना. वा. टिळक व लक्ष्मीबाई टिळक यांच्या लेखनाचा मोठा भाग याच परिसराशी बांधलेला आहे.

आरंभी परिभाषेचा एक मुद्दा नोंदवणे आवश्यक आहे. जुन्या मराठी बायबलमध्ये यशया, यिर्मया, यहेज्केल आदींना 'भविष्यवादी' म्हटले जाई. पुढे 'संदेष्टा' हा शब्द रूढ झाला. 'भविष्यवादी' या शब्दाबरोबर ज्योतिष, भाकीत, पुढे घडणाऱ्या गोष्टींचे आगाऊ ज्ञान असा अर्थ येतो. मग वाचकाचा प्रश्न 'हे खरे ठरले काय?' एवढाच उरतो. 'संदेष्टा' या शब्दाने प्रश्न बदलतो: हे कोणाला सांगितले, कोणाविरुद्ध सांगितले? नेतृत्वाविषयीची बायबलमधील वचने या दुसऱ्या प्रश्नाच्या उजेडातच नीट वाचता येतात. ती उद्याच्या राजाविषयी जेवढे बोलतात, त्याहून अधिक आजच्या राजाविषयी बोलतात. यिर्मयाच्या तेविसाव्या अध्यायातील नीतिमान अंकुराचे वचन कळप उधळून लावणाऱ्या मेंढपाळांच्या निषेधानंतर येते. यहेज्केलच्या चौतिसाव्या अध्यायातही क्रम हाच आहे. आधी आरोपपत्र आणि मग अभिवचन, असा हा बंध आहे.

२

हद्दपारी आणि पुनरागमन यांची कथा मराठी वाचकाला नवी नाही. त्याच्याजवळ तिचा अत्यंत बलवान नमुना आहे, तो वनवासाचा. रोजच्या बोलण्यातही दीर्घ हालअपेष्टांना आपण वनवासच म्हणतो. या नमुन्यात राजा स्वतः वनात जातो, प्रजा नगरीत मागे राहते. राजाचा अधिकार वनातही अबाधित असतो. सिंहासनावर पादुका असतात. अवधी संपतो, राजा परततो, राज्याभिषेक होतो आणि कथा पूर्ण होते. येथे सिंहासनाचे रिकामेपण तात्पुरते असते आणि ते कोणासाठी रिकामे आहे हे सर्वांना ठाऊक असते.

बाबेलच्या बंदिवासाची रचना जवळजवळ उलटी आहे. मराठी बायबलमधील 'पाडाव' हा शब्द या दृष्टीने अधिक नेमका आहे, कारण तो युद्धात धरून नेलेल्या माणसांचा शब्द आहे, व्रतस्थ राजपुत्राचा नव्हे. इ. स. पू. ५९७ मध्ये यहोयाखीन राजा पाडाव झाला. ५८६ मध्ये यरुशलेम आणि मंदिर यांचा नाश झाला. ५३९ मध्ये पारसाच्या कोरेशाने बाबेल जिंकले आणि त्यानंतर लोकांना परतण्याची मुभा मिळाली. लोक परतले, राजा परतला नाही. राजांच्या दुसऱ्या पुस्तकाचा शेवट या दृष्टीने विलक्षण आहे. यहोयाखीनला तुरुंगातून काढून बाबेलच्या राजाच्या पंक्तीला बसवले जाते, त्याला रोजचा शिधा बांधून दिला जातो, आणि दावीदवंशाचा इतिहास तेथेच थांबतो. बाबेलच्या उत्खननात सापडलेल्या आणि १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इष्टिकालेखांत या शिध्याच्या नोंदी मिळाल्या आहेत. परक्याच्या भांडारातून तेल घेणारा राजा हे पुनरागमनाच्या कथेचे आरंभचित्र आहे.

या पार्श्वभूमीवर नेतृत्वाविषयीची वचने वाचली की त्यांतील ताण दिसू लागतात. अनुवादाच्या पुस्तकात (१७:१५) राजा आपल्या भाऊबंदांपैकीच असावा, परका नसावा, असा दंडक आहे. यिर्मयाच्या तिसाव्या अध्यायातही (३०:२१) लोकांचा अधिपती त्यांच्यामधूनच निघेल असे अभिवचन आहे. परंतु यशयाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायाच्या आरंभी 'अभिषिक्त' ही पदवी मिळते ती कोरेशाला, म्हणजे परक्या सम्राटाला. लगेच पुढे मातीने कुंभाराला जाब विचारू नये अशा आशयाची वचने येतात. देवाने सुटकेसाठी परका माणूस निवडावा याविषयी श्रोत्यांत कुरबूर होती, तिला दिलेले हे उत्तर असावे, असे काही अभ्यासकांनी मानले आहे, आणि ते सयुक्तिक वाटते.

यहेज्केल आणखी एक पाऊल टाकतो. भावी दावीदाला तो एकदा राजा म्हणतो खरा, पण अन्यत्र 'सरदार' किंवा 'अधिपती' या अर्थाचा 'नासी' हा उतरता शब्द वापरतो, आणि पुस्तकाच्या अखेरच्या आराखड्यात त्या अधिपतीवर बंधन घालतो: त्याने लोकांचे वतन बळकावून त्यांना हुसकावू नये (४६:१८). निवडलेल्या नेत्याची व्याख्या येथे त्याच्या तेजावरून होत नाही. जमिनीच्या संदर्भात त्याने काय करू नये यावरून होते.

प्रत्यक्ष पुनरागमनाच्या काळात हे सारे एका माणसाच्या खांद्यावर येते. जरुब्बाबेल हा यहोयाखीनच्या वंशातला. पण यहूदाचा सुभेदार तो पारसी सम्राटाच्या नेमणुकीने. हाग्गय संदेष्टा इ. स. पू. ५२० मध्ये त्याला देवाची मुद्रा म्हणतो. यिर्मयाने यहोयाखीनबद्दल (२२:२४) 'हातातली मुद्रिका असता तरी काढून फेकली असती' अशा अर्थाचे जे बोल उच्चारले होते, ते जणू येथे परत घेतले जातात. आणि मग जरुब्बाबेल नाहीसा होतो. ५१५ च्या सुमारास मंदिर पूर्ण झाले, त्याच्या समर्पणाच्या वृत्तांतात त्याचे नाव नाही. जखऱ्याच्या सहाव्या अध्यायात मुगूट बनवण्याची आज्ञा आहे. मूळ हिब्रूत तो शब्द अनेकवचनी आहे, पण मुगूट चढतो तो एकट्या यहोशवा याजकाच्या मस्तकी. दुसरे नाव संहितेतून गळले असावे असा तर्क अनेकांनी केला आहे. तो मान्य करा अथवा करू नका, संहितेतील पोकळी मान्य करावीच लागते. मुगूट मंदिरात स्मारक म्हणून ठेवला जातो. वनवासाच्या कथेतील पादुका धन्याची वाट पाहत असतात. हा मुगूट कोणाची वाट पाहतो ते संहिता नावानिशी सांगत नाही.

मराठी इतिहासात या दुसऱ्या बंधाला जवळचे उदाहरण आहे, आणि त्याची एक कडी नगरलाच आहे. रायगड पडल्यावर शाहू आणि येसूबाई मोगलांच्या हाती पाडाव झाले. १७०७ मध्ये औरंगजेब नगरजवळ भिंगार येथे मरण पावला आणि त्याच वर्षी शाहूची सुटका झाली. ती सुटका परक्या बादशाहीच्या सोयीने झाली होती. म्हणून परतलेला राजपुत्र खरा वारस की तोतया, त्याचा अधिकार रक्ताचा की मोगलांच्या मेहेरबानीचा, हा वाद लगेच उभा राहिला. खेडच्या लढाईनेही तो पूर्णपणे मिटला नाही. सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या. म्हणजे बंदिवासातून परतणाऱ्या नेत्याच्या मान्यतेचा पेच मराठी इतिहासाला परिचित आहे. असे असूनही साहित्यात आपल्याला हाताशी सापडतो तो वनवासाचाच बंध.

३

मराठी ख्रिस्ती साहित्याने या कल्पनेला तीन घाट दिले असे म्हणता येईल: पुराण, अयन आणि दरबार.

फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले. त्याचे पहिले पुराण जुन्या कराराची कथा सांगते, दुसरे ख्रिस्तचरित्र. पुराणाच्या पाच लक्षणांत वंश आणि वंशानुचरित ही दोन येतात हे लक्षात घेतले, तर दावीदाच्या वंशाची कथा या घाटात सहज का बसली हे उमगते. पण पुराणात वंश तुटत नाही. पहिल्या पुराणातील सारी वचने दुसऱ्या पुराणात फळाला येतात. मधली रिकामी शतके हा केवळ दोन भागांमधील सांधा ठरतो. जरुब्बाबेलचे नाहीसे होणे येथे प्रश्न म्हणून उरत नाही.

टिळकांनी आपल्या महाकाव्याला 'ख्रिस्तायन' हे नाव दिले. या नावातच वनवासाचा बंध पत्करलेला आहे. 'अयन' म्हणजे नायकाचा प्रवास; तो नायकाच्या जाण्यायेण्याने आकार घेतो. मराठी वाचकाला ख्रिस्त आपला वाटावा यासाठी या घाटाने मोठे काम केले यात शंका नाही. तरीही त्याची किंमत नोंदवली पाहिजे. बंदिवासाच्या कथेचा कर्ता पाडाव झालेला समूह असतो, तर अयनात समूह नायकाची वाट पाहणारी नगरी होतो. पंडिता रमाबाईंना शब्दांबरोबर येणाऱ्या अशा सावल्यांची तीव्र जाणीव होती. हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेल्या आणि १९२४ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, दौंडजवळील केडगावच्या मुक्ती मिशनमधून संपूर्ण प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या बायबलमध्ये हिंदू धर्मकल्पनांचा वास येणारे संस्कृत शब्द टाळण्याचा कटाक्ष आहे. टिळक आणि रमाबाई यांच्यातील हा भेद केवळ शैलीचा म्हणून सोडून देता येत नाही. नेता कोणत्या कथेत उभा करावयाचा, असा तो भेद आहे.

तिसरा घाट ग्रंथाचा नाही, कृतीचा आहे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी दोन दशकांहून अधिक काळ मिशनमध्ये काम केल्यावर १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि 'देवाचा दरबार' या नावाने ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ कल्पिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, न घेतलेल्यांनाही होती. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि संघटना म्हणून दरबार फार काळ उभा राहिला नाही. पण रूपक म्हणून तो या लेखाच्या दृष्टीने 'ख्रिस्तायना'हून महत्त्वाचा आहे. बायबलच्या मराठी परिभाषेत 'देवाचे राज्य' हा शब्दप्रयोग हाताशी होता. टिळकांनी 'दरबार' निवडला. सहाच वर्षांपूर्वी, १९११ मध्ये, दिल्लीत बादशाही दरबार भरला होता आणि परका सम्राट त्यात प्रत्यक्ष बसला होता. त्या शब्दातून सम्राटाला उठवून तेथे कोणत्याही माणसाला न बसवणे, हा या नामकरणाचा आशय आहे. दरबार भरलेला आहे, सिंहासनावर मात्र दिसणारा माणूस नाही. जखऱ्याच्या मंदिरातील मुगुटाशी मराठी ख्रिस्ती परंपरा सर्वांत जवळ आली ती येथे.

कोरेशाचा पेचही येथे सुटलेला दिसतो. मिशनने शाळा काढल्या, दुष्काळात माणसे जगवली, छापखाने चालवले; हे ऋण टिळकांनी नाकारले नाही. कोरेशाला अभिषिक्त म्हणणाऱ्या संदेष्ट्यानेही ते नाकारले नव्हते. परंतु सुटका करणारा आणि नेतृत्व करणारा एकच असला पाहिजे असे नाही. नेता लोकांमधून निघावा हे यिर्मयाचे वचन कोरेशानंतरही शिल्लक राहते.

४

प्रश्न कठीण होतो तो येथे. 'लोकांमधून' म्हणजे कोणत्या लोकांमधून? परकी मिशन आणि एतद्देशीय मंडळी असा भेद केला की 'एतद्देशीय' हा शब्द एकसंध भासू लागतो. नगर जिल्ह्यात तो एकसंध नव्हता. १८७६-७८ च्या आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांच्या आगेमागे खेड्यापाड्यांतून जे लोक मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाले ते मुख्यतः महार आणि मांग समाजांतील होते. साहित्याच्या आणि मंडळीच्या इतिहासात मात्र नावे पुढे आली ती हरी रामचंद्र खिस्ती, रामकृष्ण विनायक मोडक आणि टिळक यांच्यासारख्या ब्राह्मण धर्मांतरितांची. शिक्षण आणि लेखनाची परंपरा ज्यांच्याजवळ होती त्यांची नावे लिहिली गेली, हे ऐतिहासिक कारण उघड आहे. पण कारण कळले म्हणून प्रश्न संपत नाही.

ब्राह्मण धर्मांतरिताच्या अनुभवात वनवासाचा बंध खरा होता. त्याला घर, नाती, प्रतिष्ठा सोडावी लागे. तो कोठून तरी निघून जाई. महारवाड्यातील माणूस कोठेच जात नव्हता. तो गावातच होता आणि गावाबाहेर होता. धर्मांतरानंतरही गावकीची कामे, वतन आणि पाणवठा यांचे प्रश्न त्याच्यापुढे उभेच राहिले. नहेम्याच्या नवव्या अध्यायातील प्रार्थनेत, परतून आल्यावरही आम्ही आमच्याच पूर्वजांना दिलेल्या भूमीत दास आहोत, अशी तक्रार आहे. नगरच्या बहुसंख्य ख्रिस्ती माणसांचा अनुभव रामकथेपेक्षा या प्रार्थनेच्या जवळचा आहे. वतन बळकावू नये हे यहेज्केलने अधिपतीवर घातलेले बंधनही त्यांना दूरदेशीच्या धर्मशास्त्रातले वाटण्याचे कारण नव्हते.

टिळकांचा जातिभेदाला विरोध होता, याविषयी वाद नाही. येथे तपासावयाचे आहे ते त्यांचे मत नव्हे, त्यांचे रूपक. दरबारात मानाप्रमाणे जागा असतात. कोण कोठे बसतो याला तेथे अर्थ असतो. गावाच्या चावडीवर कोण आत बसतो आणि कोण पायरीखाली उभा राहतो हे ज्याने पिढ्यान् पिढ्या पाहिले, त्याच्या कानावर 'दरबार' हा शब्द सिंहासनाविषयी नव्हे, जागेविषयी बोलतो. टिळकांनी दीक्षेचा उंबरठा काढून टाकला, ही धाडसाची गोष्ट होती. रूपकाच्या पोटातील मानपानाचा उंबरठा मात्र रूपकानेच शिल्लक ठेवला.

या ठिकाणी 'स्मृतिचित्रे' वाचण्याची एक वेगळी दिशा मिळते. निवडलेल्या पुरुषाची कथा त्याच्या घरातून कशी दिसते, याचे हे मराठीतील असामान्य उदाहरण आहे. टिळकांची निःसंगता, त्यांचे एका क्षणात होणारे निर्णय, घरात काही नसताना चालणारे दातृत्व हे सारे लक्ष्मीबाई प्रेमाने, विनोदाने आणि कसलीही सूट न देता सांगतात. संदेष्ट्याच्या पुस्तकात जे आरोपपत्राचे काम असते, ते येथे विनोद करतो: नायकाला तो माणसांच्या मापात ठेवतो. स्वतःच्या मनातील सोवळ्याओवळ्याचे जाळे कसकसे तुटत गेले हेही त्या तितक्याच उघडपणे सांगतात. आणि टिळकांच्या हातून अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पूर्ण केले ते त्यांनीच, रीतसर शालेय शिक्षण न मिळालेल्या स्त्रीने. अयनाचा कवी परतला नाही. काम मात्र पुढे चालले. बंदिवासाच्या कथेचा आशय ग्रंथाच्या निर्मितीच्या इतिहासातच असा उमटावा, हे अर्थपूर्ण आहे.

५

या मांडणीवर एक गंभीर आक्षेप येईल. ख्रिस्ती श्रद्धेनुसार सिंहासन रिकामे नाहीच; दावीदाचा अंकुर येऊन गेला आहे, म्हणून रिकामेपणाची भाषा ख्रिस्ती साहित्याला लावणे अप्रस्तुत होय. हा आक्षेप श्रद्धेच्या पातळीवर पूर्ण आदराने मान्य करूनही समीक्षेला एक गोष्ट सांगता येते. सिंहासन ख्रिस्ताने व्यापलेले आहे असे म्हणणे म्हणजे ते अन्य कोणा माणसासाठी मोकळे नाही असे म्हणणे होय. श्रद्धेच्या भाषेत भरलेले आणि इतिहासाच्या भाषेत रिकामे अशा या सिंहासनाचे काम एकच: त्याच्याखाली बसलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याला, मग तो मिशनरी असो, पाळक असो वा कवी, तात्पुरता ठरवणे.

हे काम संपलेले नाही. नगरच्या मंडळ्या पुढे उत्तर भारताच्या संयुक्त मंडळीत आणि १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये सामील झाल्या. परका आणि आपला हा प्रश्न घटनेच्या पातळीवर मिटला. 'आपल्यांपैकी कोण' हा प्रश्न तेवढ्याने मिटत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती धर्माशी बांधल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध दलितांना त्या लागू झाल्या, ख्रिस्ती दलितांना अद्याप नाहीत. म्हणजे गावाने ज्यांना जातीने ओळखले, त्यांनाच कायदा धर्माने ओळखतो. या माणसांच्या लेखनाला 'वनवास' हा शब्द अपुरा पडणार, कारण त्यांना परतण्यासाठी अयोध्या ठेवलेली नाही.

म्हणून मराठी ख्रिस्ती साहित्याच्या पुनर्वाचनात भाषेचे मराठीपण मोजण्याबरोबरच, कोणती कृती कोणता कथाबंध पत्करते हे पाहिले पाहिजे. अयनाच्या घाटाने या साहित्याला मराठी वाचक मिळवून दिला. बंदिवासाचा घाट त्याला त्याचा स्वतःचा, नगर जिल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवरचा, बहुसंख्य वाचक मिळवून देऊ शकला असता. त्या घाटातील लेखन किती झाले, कोणत्या कीर्तनांत, भजनांत आणि 'ज्ञानोदया'च्या जुन्या अंकांत ते विखुरले आहे, याचा शोध घेण्याचे काम पुढच्या अभ्यासकांपुढे आहे. त्या शोधात प्रसिद्ध नावांपासून आरंभ करण्याचे कारण नाही. यिर्मयाच्या वचनानुसार आरंभ लोकांच्या मधूनच करावा लागेल.